आईने शिवलेले लंगोट

माझी बदली चंडीगडला झाली तेव्हा आमच्या लग्नाला बरीच वर्षं उलटली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. वडील कृष्णाकाठच्या एका लहान गावी हमाली करत. त्यांनी मला शाळेत घातलं तसंच तालमीतही घातलं. तालमीतले वस्ताद सांगायचे, लंगोट सैल झाला की अंगातली ताकद गळते. मी ते मनावर घेतलं. पुढे कॉलेज झालं, केंद्र सरकारची नोकरी लागली, तालीम मागे राहिली. लंगोट मात्र राहिला. आई लाल कापडाचे लंगोट हाताने शिवायची आणि प्रत्येक दिवाळीला नवे द्यायची. मी ते रात्रंदिवस आवळून बांधत असे. "पोरगा सायेब झाला, पण लंगोट सोडला न्हाई," असं ती गल्लीत अभिमानाने सांगे.

त्याच गल्लीतल्या बायका तिला नातवाचं विचारत. मग ती सुनेचे उपास वाढवी. त्या वर्षी तिने निरोप धाडला, थंडीत मी येते आणि सूनबाईला वर्षभर औषधाला गावी घेऊन जाते. त्या वर्षभरात माझ्यासाठी दुसरी मुलगी बघायचं चाललंय, हे बायकोला माहेरून कळलं होतं. ती मला एवढंच म्हणाली, "अहो, मी गेले तर परत येईन असं मला वाटत नाही."

सेक्टरातल्या सरकारी दवाखान्यात एक वयस्क डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी बायकोच्या सगळ्या तपासण्या केल्या आणि म्हणाल्या, "बेटी, तू ठीक है. अब साहब को भेज." आमच्या दोघांच्याही घरात असं कधी कोणी म्हटलं नव्हतं. मी गेलो. स्वेटरच्या आत तपासणीच्या नमुन्याची बाटली सांभाळत सायकलवरून मोठ्या इस्पितळात जाताना वाटेतला प्रत्येक माणूस माझ्या पोटाकडेच बघतो आहे असं वाटत होतं.

तिथले डॉक्टर सरदारजी होते. अहवाल वाचून म्हणाले, बीज आहे, पण थोडं आहे आणि मंद आहे. लहानपणी गालफुगी झाली होती का, ताप, मार, विडी, दारू, सगळं विचारलं. मी नाही नाही म्हणत गेलो आणि शेवटी आपण होऊन सांगितलं, "डॉक्टरसाब, मैं तो लंगोट भी कभी नहीं छोड़ता."

"कभी नहीं?"

"सोते वक्त भी नहीं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "और दफ्तर में?"

कचेरीतही सांगण्यासारखं होतं. इकडची थंडी मला सोसत नसे, म्हणून सहकारी हीटर माझ्याच खुर्चीखाली सरकवत. "लो जी, मराठे को सेक दो," ही त्यांची रोजची थट्टा.

डॉक्टर हसले, पण मला हसले नाहीत. मग शाळेतल्या मास्तरांसारखं समजावलं. देवाने ही वस्तू शरीराबाहेर लोंबती ठेवली ती गारव्यासाठी. तू वरून आवळतोस आणि खालून शेकतोस. "ढीला पहन, यार. हीटर हटा. नया बीज बनने में ढाई-तीन महीने लगते हैं. फिर आना. वादा कोई नहीं करता मैं."

तीन महिने व्हायच्या आतच आई आली. बायको स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. आईने सुनेची ट्रंक बाहेर काढायला सांगितली, तेव्हा मी आईजवळ जमिनीवर बसलो आणि डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं, हिच्यात काही उणं नाही, माझ्यात आहे, हेही. भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

आई म्हणाली, "म्हंजी म्या शिवलेल्यानं?"

"तू शिवलेस त्यानं नाही गं. मी रात्रंदिवस आवळले त्यानं. तेही डॉक्टर खात्रीने सांगत नाहीत."

"आन् हिला मी उपाशी ठेवलं," ती म्हणाली. मग सुनेकडे वळून, "तव्यावरची करपली बघ."

दुसऱ्या दिवशी तिने बाजारातून पातळ कापड आणवलं आणि मला सैल, नाडीचे लेंगे शिवून दिले. हातशिलाईच, तीच बारीक टीप. गावी ती एकटी परतली. गल्लीत बायकांनी विचारलं तेव्हा तिने सांगितलं, "सून चांगली हाय. माझ्या पोराचं औषध चाललंय." आमच्या गल्लीत एखाद्या आईने हे मोठ्याने म्हणणं काय होतं, ते मला ठाऊक आहे.

पुढची तपासणी बरी निघाली. त्याच्या पुढच्या वर्षी आम्हाला मुलगी झाली. मी बर्फी घेऊन डॉक्टरांकडे गेलो, तर ते म्हणाले, "किस चीज़ से हुआ, मैं पक्का नहीं कह सकता. बर्फी पक्की खाऊँगा." दोन उचलल्या.

कशाने झालं ते मलाही सांगता येत नाही. पण बायकोची ट्रंक माझ्याच घरात राहिली, ती त्या डॉक्टरीणबाईंमुळे, सरदारजींमुळे आणि माझ्या आईमुळे. मुलीला पहिल्यांदा भेटायला आई आली तेव्हा रात्री थंडी होती. तिने हीटर उचलून सुनेच्या खाटेजवळ नेऊन ठेवला आणि मला म्हणाली, "तू तिकडं लांब बस."