कारिटासाठी मसाफीच्या वाटेवर

"हय कारीट खंय गावतला?" एवढं म्हणून अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बॅग बाहेर काढली. दिवाळी आठवड्यावर आली होती आणि त्यांना सावंतवाडीला परत जायचं होतं. नरकचतुर्दशीला तुळशीपुढे डाव्या अंगठ्याने ते कडू फळ फोडल्याशिवाय त्यांनी कधी फराळाला हात लावलेला नाही. सासूबाई गेल्यापासून घरी एकटेच असतात. या वेळी तरी त्यांनी इथे शारजात आमच्यात राहावं, असं मला फार वाटत होतं.

नवरा म्हणाला, "लिंबू फोडा."

"नरकासुर काय लिंबाएवढो?"

डोंगरातल्या मसाफी गावाकडे जाताना रस्त्याकडेला कारिटासारखेच पिवळ्या फुलांचे वेल पाहिल्याचं मला आठवलं. शुक्रवारी सकाळीच शारजाहून निघालो. पेट्रोल चाळीस दिरहॅम, म्हणजे साधारण हजार रुपये. धैदपर्यंत रस्ता सरळसोट, मग डोंगर दिसू लागतात. मसाफीच्या बाजारात फळं छान मिळतात, पण पाणी आणि डबा घरून घ्या. आम्ही थालीपीठं नेली होती.

धैदच्या पुढे खडीच्या माळावर वेल सापडला. आसपास ओलीचा मागमूस नाही, आणि हा आपला खरखरीत पानं पसरून फुललेला. खाली पट्ट्यापट्ट्यांची हिरवी फळं.

"बेबी वॉटरमेलन!" लेक ओरडली.

एक पिकअप येऊन थांबली. आतल्या म्हाताऱ्या अरबाला वाटलं, आमची गाडी रुतली. अण्णांच्या हातातलं फळ पाहून तो घाईघाईने उतरला.

"ये हंजल है, कडवा! मत खाओ. बकरी भी नहीं खाता."

"खानेका नाय, पाँवसे फोडनेका."

"क्यूँ?"

"राक्षस है."

त्याने फळाकडे नीट पाहिलं. "खलास," तो म्हणाला, "जोरसे फोडो." आणि हात धुवा, डोळ्यांना लावू नका, असंही खुणेने बजावलं.

चतुर्दशीला पहाटे हिरवं फळ अण्णांच्या अंगठ्याखालून तीनदा निसटून चपलांच्या रॅकखाली गेलं. शेवटी लेकीने माळावरून खुळखुळे म्हणून आणलेल्या वाळक्या फळांतलं एक पुढे केलं. ते मात्र फटकन फुटलं. बाल्कनीभर बिया. अण्णांनी चकली उचलली.

मला वाटलं होतं, आता राहतील. राहिले, पण तुळशीच्या लग्नापर्यंतच. गावचं घर बंद ठेवायचं नाही म्हणाले. वेल कुठेही रुजतो म्हणून माणूसही रुजेल, हा माझाच हिशेब होता.

विमानतळावर मात्र आत जाता जाता मागे वळले.

"एक सुकां जपान ठेव गो. ओलां माझ्यान फुटणा नाय."

ते फ्रिजवर ठेवलंय. लेकीला हात लावायची बंदी आहे.