हणमंत सरांचं बोट

सर होते तोवर त्यांचे पाच-सहाच किस्से होते, आणि तेही त्यांच्या माघारी, दबक्या आवाजात. मागच्या थंडीत हणमंत सर गेले आणि नांदेडात जो भेटेल त्याच्या खिशातून एक नवा किस्सा निघायला लागला. एकच किस्सा चौघांच्या बाबतीत घडलेला असतो आणि चौघंही शपथेवर सांगतात. मी कुणालाच खोटं पाडत नाही. इथं जे सांगतोय त्यातलं निम्मं खरं आहे, उरलेलं मी स्वतः डोळ्यांनी बघितलंय.

ज्यांनी सरांना पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सर मूळचे मुखेडकडचे. नांदेडच्या एका शाळेत संगीत शिकवायचे. रिटायर झाल्यावर घराच्या गच्चीवर, पत्र्याच्या शेडखाली वर्ग सुरू केला. वर्गाला दार नव्हतं, त्यामुळं कुणाला ‘येऊ नको’ म्हणायची सोयच नव्हती. आमच्यात सगळ्यात गुणी उज्ज्वला, जी आता लातूरला शाळेत शिकवते. तबल्यावर सलीम, त्याचं गॅरेज आहे. आणि मी नागनाथ, भांड्याचा दुकानदार. मी कशावर होतो ते पुढं येईलच.

सर पेटी वाजवत शिकवायचे. उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर. कुणी सूर सोडला की सर ओरडायचे नाहीत, डोळेही वटारायचे नाहीत. डाव्या हाताचं पहिलं बोट भात्यावरून सावकाश वर उठायचं. पेटी थांबायची. “पुन्हा,” एवढंच म्हणायचे.

सलीम म्हणायचा, “सरांनी थप्पड मारली असती तर परवडलं असतं, दोन मिनटांत विसरलो असतो. हे बोट घरापर्यंत मागं येतं!”

*

हे बोट वर्गापुरतं असतं तर ठीक होतं. पण सर ते सगळीकडं घेऊन फिरायचे.

एकदा मुखेडच्या बाजारात एक बाई कोथिंबीर विकत होती. आरोळी खणखणीत, पण शेवटाला आवाज खाली घसरायचा. सर पिशवी घेऊन समोर उभे, आणि बोट वर. बाई म्हणाली, “काय वो मास्तर, जुडी पायजे का न्हाई?”

सर म्हणाले जुडी पाहिजे, पण आधी पुन्हा म्हणा, शेवटाला उतरताय तुम्ही.

बाईनं त्यांना खालून वर बघितलं. मग काय मनात आलं कोण जाणे, तिनं पुन्हा आरोळी दिली, शेवट वर ठेवून. काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, सोबत होत्या. त्या सांगतात, पार बैलबाजारापर्यंतच्या माना वळल्या. बाईची पाटी दुपारच्या आत रिकामी झाली. पुढच्या बाजाराला तिच्या शेजारचा कांदेवाला काकूंना विचारत होता, “ते बोटवाले मास्तर आले न्हाईत का? माझंबी जरा बघितलं असतं.”

*

आता माझं सांगतो. मी वर्गात पहिल्या दिवशी ‘सा’ लावला तेव्हा सरांचं बोट उठलं ते बराच वेळ खालीच आलं नाही. मला वाटलं, आता घरी पाठवतात. सर म्हणाले, “उद्या लवकर ये.”

मी लवकर गेलो. त्यानंतर कितीतरी वर्षं जात राहिलो. सूर काही आला नाही. घसा मात्र असा मोकळा झाला की रक्तदान शिबिराची हाळी द्यायला सर मलाच रिक्षात बसवायचे. भोंग्याची गरज नसायची. लोक रक्त द्यायला यायचे की मला गप्प करायला यायचे, हे अजून ठरलेलं नाही, पण यायचे.

गुरुपौर्णिमेला वर्गाचा कार्यक्रम असायचा आणि प्रत्येकाला एक सोलो मिळायचा. नवीन आलेल्या पोरींनासुद्धा! मला नाही. मी दरवर्षी विचारायचो, “सर, यंदा माझा सोलो?” सर दरवर्षी तितक्याच गंभीरपणे माझ्याकडं बघायचे, आणि विचार करून म्हणायचे, “अजून नाही.”

‘नाही’ म्हणाले असते तर मी कधीच सोडलं असतं. त्या ‘अजून’नं मला पन्नाशीपर्यंत आणलं.

*

एकदा सर माझ्या दुकानात पातेलं घ्यायला आले. मी चांगलं जाड बुडाचं दाखवलं. सरांनी ते उचललं, कानाशी धरलं आणि टिचकी मारली. बाजूला ठेवलं. दुसरं घेतलं, टिचकी. तिसरं घेतलं, टिचकी. दुकानातली सगळी पातेली खाली उतरली. गिऱ्हाईकं घेणं सोडून बघत उभी. शेवटी एका पातेल्यावर सरांचा चेहरा उजळला. “हे काळी एकचं आहे,” म्हणाले, आणि बगलेत मारून निघाले. काळी एक म्हणजे पेटीवरची पहिली काळी पट्टी. आमचा अख्खा वर्ग तिच्यावरच गायचा.

पुढचा महिनाभर बायका दुकानात येऊन पातेल्याला टिचक्या मारून राहिल्या होत्या. एक मावशी तर म्हणाली, “मास्तरांच्या घरी दिलं तसलंच दे, त्यात वरण लई चांगलं होतं म्हणे.” मी तोंडानं टणकन आवाज काढला आणि म्हटलं, मावशी, हेच ते. मला वर्गात जे कधी जमलं नाही ते दुकानात जमलं.

*

लातूरचा किस्सा उज्ज्वलाच्या गल्लीतला. तिथला उन्हाळा आणि टँकर कुणाला सांगायला नको. सर तिच्याकडं चार दिवस राहायला गेले होते. टँकर आला की रांगेत रोज भांडण. कोणी मधेच घागर घुसवायचं, मग आई-बहिणीचा उद्धार. सरांनी एक दिवस बघितलं. दुसऱ्या दिवशी पेटी घेतली आणि रांगेच्या तोंडाशी स्टुलावर बसले.

नियम साधा होता. रांगेतल्यांनी सगळ्यांनी मिळून भजन म्हणायचं. जो मधे घुसेल त्यानं एकट्यानं म्हणायचं, सगळ्या गल्लीसमोर, आणि सरांचं बोट खाली राहीपर्यंत.

पहिल्या दिवशी एक पैलवान घुसला. त्याला एकट्याला उभं केलं. त्याची घागर भरून वाहायला लागली, टँकर रिकामा होऊन निघून गेला, तरी सर त्याला “पुन्हा” म्हणत होते. दुसऱ्या दिवशीपासून तो पैलवान स्वतः शेवटी उभा राहून बाकीच्यांची रांग सरळ करायला लागला. उज्ज्वला म्हणते, पाऊस पडून टँकर बंद झाले तरी गल्लीतल्या बायका तिलाच येऊन विचारत होत्या, “मास्तर आता कवा येनार? आमचा अंतरा अजून कच्चा हाय.”

*

किनवटच्या जंगलात एक आश्रमशाळा आहे. दर रविवारी सर पेटी घेऊन रेल्वेनं तिथं जायचे. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी पाठवलंही नव्हतं. पोरं गोंडी बोलणारी. सरांना त्यांची एक चाल फार आवडली. म्हणाले, मला शिकवा.

पोरं शिकवायला बसली. सरांनी सुरुवात केली, आणि वळणावर कुठंतरी चुकले. समोर बसलेल्या सगळ्या पोरांनी एकदम डाव्या हाताचं बोट वर केलं!

हे आम्हाला सरांनीच सांगितलं, गच्चीवर, हसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सलीमनं विचारलं, “मग सर, जमलं का?” सर म्हणाले, “पुढच्या रविवारी पुन्हा बोलावलंय.”

*

आता जरा गंभीर, पण थोडंच.

गोदावरीच्या घाटाजवळ एका धर्मशाळेत एक म्हातारी राहायची. तिला कोणी नव्हतं. ती गेली तेव्हा सर आम्हाला घेऊन गेले. असे आम्ही बऱ्याच जणांसाठी जायचो. खांदा द्यायला माणसं मिळतात, सर म्हणायचे, म्हणायला मिळत नाहीत. सरांनी स्वतः चाल लावलेलं एक भजन होतं, तेच म्हणायचो. सर गळ्यात पेटी अडकवून पुढं चालायचे, सलीमकडं ढोलकी, मी तिरडीच्या पुढच्या खांद्याला.

वाटेत आमचा सूर घसरला. सरांचं बोट वर. तिरडी भर रस्त्यात थांबली! मागं रिक्षांची रांग लागली.

मी म्हटलं, “सर, खांदा दुखून राहिला.”

सर म्हणाले, “नागनाथ, हिला आयुष्यात कुणी नीट म्हणून दाखवलं नाही. जाताना तरी नीट ऐकू दे. पुन्हा.”

पुन्हा म्हटलं. सगळ्या रिक्षावाल्यांनी गाड्या बंद केल्या. परत येताना घाटावर हातपाय धुवायला बसलो तेव्हा सर म्हणाले, “माझ्या वेळी असा गोंधळ घातलात ना, तर मी उठून बसेन.”

सगळे हसले. सर हसले नव्हते.

*

दवाखान्याचा किस्सा ज्यानं त्यानं आपल्या नावावर खपवलाय, म्हणून मूळ मालकाकडून ऐका.

दोन वर्षांपूर्वी सरांचं पोटाचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं, पण सर शुद्धीवर येईनात. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, वेळ लागतो एखाद्याला, ओळखीच्या आवाजात बोलत राहा. काकूंनी हाका मारल्या. सलीमनं कॉटच्या दांडीवर हळूच ठेका धरला. लातूरहून उज्ज्वला आली, सरांच्या कानाशी वाकून त्यांचंच भजन म्हणाली. असं म्हणाली की शेजारच्या कॉटवरचा पेशंट उठून बसला. सर काही हलले नाहीत.

काकू कोपऱ्यातल्या स्टुलावर होत्या. म्हणाल्या, “इतकं सुरात म्हटल्यावर ते कशाला उठतील?”

मग सगळ्यांनी एकदम माझ्याकडं बघितलं.

मी गेलो कानाशी. तेच भजन, पहिली ओळ. मन लावून म्हटलं हो, मुद्दाम वाईट म्हणायची मला कधी गरजच पडली नाही. ओळ अर्ध्यात आली आणि चादरीवरचं डावं बोट वर उठलं. नर्स पळत डॉक्टरांना बोलवायला गेली. सरांचे ओठ हलले. काकू वाकून ऐकायला गेल्या आणि रडता रडता हसायला लागल्या.

“काय म्हणाले?” सलीमनं विचारलं.

“पुन्हा म्हणाले.”

घरी आल्यावर मी सरांना म्हटलं, सर, आता तरी माना, झाला माझा सोलो. सर उशीला टेकून पेज पीत होते. म्हणाले, “तो धरू नको. मी पूर्ण ऐकला नाही.”

“मग यंदा गुरुपौर्णिमेला?”

सरांनी नेहमीसारखा विचार केला. “अजून नाही.”

*

मागच्या थंडीत सर गेले. सकाळी चहा घेऊन काकू उठवायला गेल्या, तर उठले नाहीत.

दुपारपर्यंत अंगण भरलं. मुखेडचे पाव्हणे आले, लातूरच्या गल्लीतल्या बायका आल्या, तो पैलवान आला आणि लोकांना ओळीनं दर्शनाला सोडायला लागला. किनवटची पोरं सकाळच्या गाडीनं आली. सरांना अंगणात ठेवलं होतं. उशाशी पेटी, झाकण लावलेली.

आम्हाला एकच धास्ती होती, की आज चुकायचं नाही. उज्ज्वलानं पेटी घेतली, सलीमनं ढोलकी. भजन सुरू झालं. इतक्या वर्षांत वर्ग कधी असा गायला नव्हता. शंभर गळे, पण ऐकताना एकच वाटत होता. मी नुसते ओठ हलवत होतो, माझ्यामुळं काही बिघडायला नको म्हणून. शेवटची ओळ झाली. कुठंही, कणभरही घसरलं नाही.

खांदा देणारे पुढं झाले. काकूंनी हात केला, थांबा म्हणून.

त्या सरांच्या डाव्या बाजूला बसल्या होत्या. सरांच्या डाव्या हातावर झेंडूचे हार आले होते, ते त्यांनी एकेक करून बाजूला सरकवले. हात मोकळा केला. मग गर्दीत मला शोधलं.

“नागनाथ, तू म्हण.”

मला वाटलं, ऐकण्यात काही चुकलं. उज्ज्वलानं पेटीवरचा हात काढून घेतला.

“एकटा म्हण,” काकू म्हणाल्या.

मी पुढं जाऊन सरांच्या कानाशी बसलो आणि म्हटलं. जसं येतं तसं, मोकळ्या घशानं. अंगणात कुणी हसलं नाही. कुणी माझ्याकडं बघतही नव्हतं. पाव्हणे, पैलवान, सलीम, किनवटची पोरं, सगळ्यांची नजर त्या एका बोटावर होती.

पहिली ओळ संपली. मी थांबलो.

काकू बोटाकडं बघत राहिल्या. बराच वेळ. मग नजर न हलवता म्हणाल्या,

“पुन्हा.”