बाबा उभे होते तिथेच

आमच्याकडे चहाला कुणी आलं की बाबा हा किस्सा सांगतात, आणि नेहमी अर्धवट सांगतात. स्वतःच आधी हसत सुटतात, आणि माझी खरी फजिती जिथे आहे तिथे पोचायच्या आत कप रिकामे होतात. मी ट्रे घेऊन उभी असते. चारचौघांत मला बोलता येत नाही, त्यामुळे दुरुस्ती राहून जाते. म्हणून लिहून टाकते. तुम्ही चहा घेत घेत वाचा, म्हणजे सांगितल्यासारखंच होईल.

आता आम्ही व्हिटबीला राहतो, पण ही गोष्ट हॅलिफॅक्सची, मी आठवीत असतानाची. नागपूरहून कॅनडात येऊन आम्हाला जेमतेम वर्ष झालं होतं. शहराच्या अगदी कडेला भाड्याचं घर होतं, जिथून बससुद्धा कंटाळून मागे वळायची. शेजारी मिस्टर हेक्टर राहायचे. गोदीतून निवृत्त झालेले, एकटेच. पहिल्या हिवाळ्यात आमच्या दारातला बर्फ तेच फावड्याने काढून टाकायचे, आणि आई त्यांना पोहे नेऊन द्यायला मला पाठवायची. ते म्हणायचे, "थँक यू, डिअर." मी मान हलवायची. एवढ्यावर आमची मैत्री झाली. जास्त बोलायला न लावणारी माणसं मला तेव्हाही आवडायची.

मिस्टर हेक्टरना नाद एकच. रायफलने फार फार लांबचा नेम धरायचा. आईला हे कळलं तेव्हा ती हातातलं लाटणं ठेवून बाबांकडे आली.

"हरणं मारतात का हो ते?"

"नाही गं. लोखंडी ताटल्या असतात. लांब शेतात टांगून ठेवतात आणि त्यांच्यावर नेम धरतात."

"ताटल्यांनी काय घोडं मारलंय त्यांचं?"

पोहे मात्र चालू राहिले.

त्या सप्टेंबरात मिस्टर हेक्टरनी घर विकलं. अल्बर्टा प्रांतात मुलीकडे जाणार होते, आणि रायफल इथेच नेमबाजीच्या क्लबातल्या कुणाला तरी देऊन टाकणार होते. जाण्याआधी क्लबची वर्षातली शेवटची नेमबाजी व्हायची होती. गवताच्या एका मोठ्या शेतात ताटल्या मांडतात आणि कुठली किती लांब आहे ते सांगत नाहीत. आपणच अंतर ओळखायचं, त्याप्रमाणे रायफलवरच्या दुर्बिणीची नेम वर-खाली करणारी चकती फिरवायची, आणि मग गोळी झाडायची. यातली सगळ्यात लांबची, पार टेकाडाजवळची पांढरी ताटली मिस्टर हेक्टरना आयुष्यात एकदाही लागली नव्हती.

"ती एकदा वाजवायची आणि जायचं," कुंपणावर हात ठेवून ते बाबांना म्हणाले. "पण हल्ली मला अंतराचा अंदाजच येत नाही. लेझर रेंजफाइंडर घ्यावा म्हणतो. तुम्ही निवडून द्याल का? तुम्ही इंजिनिअर आहात."

बाबा बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहायचे. लेझरशी त्यांचा संबंध फक्त प्रिंटरपुरता. पण इंजिनिअर म्हणून कुणी मान दिल्यावर नाही कसं म्हणायचं?

"शुअर, शुअर," बाबा म्हणाले. "माझी मुलगी पण मदत करेल. तिची नजर फार तेज आहे."

मी मान हलवली. फजितीची सुरुवात इथून.

रेंजफाइंडर म्हणजे एका डोळ्याला लावायची छोटी दुर्बीणच. बटण दाबलं की आतून लेझर जातो, समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो, आणि वस्तू किती लांब आहे तो आकडा आत उमटतो. दुकानात दोन होते. एक जड आणि महाग, दुसरा हलका आणि स्वस्त, आईच्या पावडरच्या डब्याएवढा. बाबांनी दोन्ही घेतले. आपली माणसं कॅनडात आल्यावर सगळ्यात आधी काय शिकतात, तर घेतलेली वस्तू परत करायला. दोन्ही वापरून बघायचे, एक ठेवायचा, दुसरा परत. आईने घरी आल्या आल्या खोकी अलगद उघडली, प्लास्टिकची घडी घालून ठेवली, आणि पावती देवघरात गणपतीच्या पाटाखाली सरकवली.

आता इथे आईच्या आणखी एका कामगिरीबद्दल सांगायला हवं. हॅलिफॅक्सला हिवाळ्यात लवकर अंधार पडतो. आम्हाला एखादी गाडी उडवून जाईल अशी आईला सतत धास्ती. म्हणून तिने प्रकाश पडला की चमकणाऱ्या पट्टीचं एक अख्खं रीळ आणलं आणि आमच्या सगळ्यांच्या जॅकेटांवर शिवून टाकलं. छातीवर, पाठीवर, दोन्ही बाह्यांवर. उरलेली पट्टी बाबांच्या टोपीला. संध्याकाळी रस्त्याने जाताना गाडीचा उजेड पडला की आम्ही तिघं वरातीसारखे चमकायचो.

तर रविवारी आम्ही निघालो. घरामागे विजेच्या मोठ्या तारांखाली झाडं तोडून केलेली लांबच लांब मोकळी पट्टी होती. मी एका टोकाला दोन्ही रेंजफाइंडर घेऊन उभी राहिले. बाबा जॅकेट आणि टोपी घालून दुसऱ्या टोकाकडे चालू लागले. थोडं चालायचं, वळून माझ्याकडे तोंड करायचं, आणि फोन करायचा.

"आता?"

"आला आकडा. दोन्हींवर आला. अजून मागे जा."

"अगं, इथे ओलं आहे."

"मग थोडं डावीकडून जा ना, बाबा."

बाबा एवढे एवढेसे होत गेले. एक बाई कुत्र्याला फिरवत आल्या. त्यांनी मला दोन यंत्रं आलटून पालटून डोळ्याला लावताना बघितलं आणि विचारलं, "सगळं ठीक आहे ना?"

अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की माझ्या डोक्यातली सगळी वाक्यं पळून जातात. एकच उरलं होतं.

"मी माझ्या वडिलांना मोजतेय," मी म्हटलं.

त्यांनी कुत्र्याचा पट्टा आखडून घेतला आणि झपझप निघून गेल्या.

बाबा पार ठिपक्याएवढे झाले तरी दोन्ही यंत्रं आकडा दाखवतच होती. स्वस्तातलं तर एकदाही अडखळलं नाही. बाबा धापा टाकत परत आले तेव्हा मी निकाल सांगितला.

"दोन्ही सारखेच आहेत. मग महागातलं कशाला?"

"आणि हे वजन कोण उचलणार," बाबा म्हणाले. "ठरलं तर."

आणि ऐका, मी काही न वाचता महागातलं परत पाठवलं नव्हतं. घरी गेल्यावर मी स्वस्तातल्याचं खोकं इंग्रजीतून वाचलं, मग शाळेतल्या फ्रेंचची सवय व्हावी म्हणून फ्रेंचमधून वाचलं. बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की एवढ्या लांबचं अंतर फक्त चकाकणाऱ्या वस्तूंचं येईल. ते मी बाबांना मोठ्याने वाचूनही दाखवलं. बाबा दाराशी बूट काढत होते. डोक्यावर स्वयंपाकघराच्या दिव्यात लखलखणारी टोपी.

"बरं," बाबा म्हणाले.

"बरं," मी म्हटलं, आणि महागातलं यंत्र त्याच संध्याकाळी दुकानात परत गेलं.

नेमबाजीच्या दिवशी मिस्टर हेक्टर आम्हाला त्यांच्या पिकअपमधून घेऊन गेले. आई आली नाही. ती म्हणाली, मी पोहे भिजवते, तुम्ही या जीव सांभाळून. तिथे बहुतेक सगळे म्हातारेच होते, घडीच्या खुर्च्या आणि थर्मास घेऊन आलेले. यंत्र कुणाकडे नव्हतं. एक डोळा मिटून अंतरावरून भांडायचं, हीच त्यांची पद्धत. मिस्टर हेक्टरनी ऐटीत सांगितलं, "आज माझ्याकडे लेझर आहे. आणि ही माझी लेझर ऑपरेटर."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी घाईघाईने यंत्र डोळ्याला लावलं, निदान तोंड तरी झाकलं जाईल म्हणून.

पहिली ताटली, आला आकडा. दुसरी, आला. तिसरी, जरा थांबून पण आला. मग मी टेकाडाजवळच्या पांढऱ्या ताटलीवर धरलं.

नुसत्या आडव्या रेघा.

पुन्हा बटण दाबलं. रेघा. श्वास रोखून दाबलं. रेघाच.

"काय म्हणतंय, डिअर?" मिस्टर हेक्टरनी विचारलं.

त्यांच्याकडे बघवत नव्हतं. त्यांनी त्या यंत्रावर नाही, आमच्यावर भरवसा ठेवला होता, आणि पुढच्या आठवड्यात ते जाणार होते. मी उगाच यंत्र इकडे तिकडे फिरवत राहिले. तेवढ्यात शेताच्या पलीकडच्या कडेने जाणारा एक माणूस आत दिसला आणि बटण दाबताच आकडा टपकन उमटला. त्या माणसाच्या अंगात रस्ता दुरुस्त करणारे घालतात तसलं चमकणारं जाकीट होतं.

खोक्यावरची बारीक अक्षरं मला इंग्रजी आणि फ्रेंच दोन्हींतून आठवली.

"बाबा," मी कुजबुजले, "आपण त्या दिवशी तुम्हाला नाही मोजलं. आईच्या पट्टीला मोजलं."

बाबांनी आपल्या छातीवरच्या पट्टीकडे पाहिलं. मग ताटलीकडे. मग हळूच म्हणाले, "मग मी जाऊन उभा राहू का?"

नेम लागल्याची खूण दिसावी म्हणून ताटल्यांना ताजा रंग लावायला माणसं जाणारच होती. डोरीन नावाच्या करड्या आवाजाच्या बाई तिथल्या मुख्य होत्या. त्यांनी सगळ्यांना रायफली रिकाम्या करून खाली ठेवायला लावल्या, मागे सरकवलं, आणि बाबांना रंगवाल्यांच्या गाडीत बसवलं. "याला मनाई करणारा नियम आम्ही केलेला नाही," त्या म्हणाल्या, "कारण हे कुणी करेल असं वाटलंच नव्हतं."

गाडी लांब गेली. बाबांचा ठिपका खाली उतरला आणि पांढऱ्या ठिपक्याला अगदी चिकटून उभा राहिला. मी बटण दाबलं. आला आकडा.

"किती?" मिस्टर हेक्टरनी विचारलं. मी सांगितलं. मागून दुसऱ्या आजोबांनी विचारलं, "किती म्हणाली?" मी पुन्हा सांगितलं. मग तिसऱ्यांनी. वर्षभर वर्गात कुणी मला काही विचारलं नव्हतं, आणि इथे अख्खा क्लब विचारत होता. मी इतक्या मोठ्या आवाजात सांगत सुटले की डोरीनबाईंनीही वळून पाहिलं. सगळ्यांनी माझ्या आकड्यावर चकत्या फिरवल्या.

बाबा परत आले. रंगवाले परत आले. शेत मोकळं असल्याची डोरीनबाईंनी खात्री केली आणि नेमबाजी सुरू झाली.

पहिल्या आजोबांनी त्या ताटलीवर गोळी झाडली. ताटलीच्या खाली धूळ उडाली. दुसऱ्यांची गोळी त्याच जागी. तिसऱ्यांची पण. एकामागून एक सगळ्यांच्या गोळ्या एकाच बटाट्याएवढ्या जागेत जाऊन पडत होत्या, आणि ताटली हलत नव्हती.

माझ्या शेजारी बाबांचा चेहरा उतरत चालला होता.

"मुग्धा," ते मराठीत म्हणाले, "मी उभा होतो ना, तिथेच."

"म्हणजे ताटलीपाशी?"

"ताटलीपाशी कुठे? मध्ये सगळा चिखल. नवे बूट आहेत. मी आपला अलीकडेच थांबलो."

इतक्या लांबून मागचं आणि पुढचं मला एकच दिसलं होतं. तेज नजर म्हणे.

शेवटचे मिस्टर हेक्टर, गवतावर पालथे पडलेले. त्यांनाही सगळ्यांसारख्या तीनच गोळ्या होत्या. त्यांनी मोठ्या विश्वासाने पहिली झाडली आणि ती नेमकी बाबांच्या जागेवर पडली. दुसरी झाडणार इतक्यात माझ्या तोंडून आवाज निघाला.

"थांबा."

काय झालं ते मी सांगितलं. माझे कान तापले होते. मिस्टर हेक्टरनी मान वर न करता विचारलं, "बाबांपासून ताटली किती पुढे?"

"बाबा, किती पुढे होती?"

"चांगली पुढे होती."

"चांगली म्हणजे किती, बाबा?"

बाबांनी डोळे मिटले. "आपल्या दारापासून यांच्या पोस्टबॉक्सपर्यंत. नाही, त्याच्याही पुढे. त्या पिवळ्या घराच्या गेटपर्यंत."

मी तसंच इंग्रजीत सांगितलं. मिस्टर हेक्टर हसले. त्या रस्त्यावरचा बर्फ त्यांनी सगळा हाताने काढलेला होता. त्या अंतरासाठी त्यांना यंत्र लागणार नव्हतं. त्यांनी चकती थोडी फिरवली. दुसरी गोळी ताटलीच्या जरा डावीकडे गेली. तिसरी झाडली तेव्हा धूळ उडाली नाही. ताटली मात्र हलली. सगळे तसेच थांबले, आणि मग खूप लांबून, उशिरा, देवळातल्या छोट्या घंटेसारखा आवाज आला. टिंग.

मिस्टर हेक्टर बराच वेळ तसेच पालथे पडून राहिले, गाल रायफलला टेकवून.

बाबांचा किस्सा या टिंगवर संपतो. आजही ते 'टिंग' म्हणताना बशीवर चमचा वाजवतात आणि टाळी घेतात. माझा मात्र अजून थोडा बाकी आहे.

संध्याकाळी मिस्टर हेक्टर पोहे खायला आमच्याकडे आले. मागच्या अंगणात पानं पडत होती, त्यांच्या घरातली खोकी दारापर्यंत आली होती, आणि ते आमच्या स्वयंपाकघरात लहान मुलासारखे खूश बसले होते. बाबांनी आईला सगळं सविस्तर सांगितलं.

"म्हणजे तुम्ही उभे होते तिथे गोळ्या मारून राहिले ते लोक?"

"अगं, मी तेव्हा तिथे नव्हतो ना."

आई पोह्यांवर खोबरं घालता घालता थांबली. मग अगदी सहज म्हणाली, "पण माणूस कशाला पाठवला? जॅकेट काढून नुसतं त्या ताटलीवर टांगायला द्यायचं होतं रंगवाल्यांजवळ."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाबांकडे पाहिलं. एक इंजिनिअर, एक तेज नजरेची मुलगी आणि एक अख्खा क्लब. कुणालाच नाही सुचलं.

"काय म्हणाली आई?" मिस्टर हेक्टरनी उत्सुकतेने विचारलं.

"ती विचारतेय," मी म्हटलं, "अजून थोडे पोहे देऊ का?"

आईला इंग्रजी चांगलं येतं. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि मिस्टर हेक्टरनी आधीच भरलेली प्लेट आनंदाने पुढे केल्यावर त्यावर मुकाट्याने आणखी एक डाव वाढला.