आईच्या दाढेवरची कॅप

मित्रांनो, आज सकाळी बोरीवलीच्या स्मशानात आईच्या अस्थी वेचताना राखेत काहीतरी पांढरं चमकलं. तिच्या दाढेवरची सिरॅमिकची कॅप! सगळं जळालं, ती शाबूत.

बसवताना आई घाबरली होती. "पोटात विष तर नाही ना जाणार? टिकेल ना?"

डॉक्टर म्हणाले, "आजी, तुमच्यापेक्षा जास्त टिकेल!" सगळ्यात मोठ्याने आईच हसली होती.

बहीण कुजबुजली, "दादा, हीसुद्धा समुद्रात सोडायची ना?"

मावशी उसळली, "गो बाय, ता काय तिचा हाड आसा? टाक थयच!"

कर्मकांडाविरुद्ध गळा फाडून भाषणं देणारा मी, पण कॅप धरलेली माझी मूठ उघडेना. अस्थी खारदांड्याला सोडल्या. कॅप अजून खिशात आहे. सारखा हात तिकडेच जातो, आणि आईचं ते हसणं ऐकू येतं.

तुम्ही सोडली असती?