डावीकडचं पातेलं

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, शारजाच्या अल नहदामधल्या एका चौदाव्या मजल्यावरून दर शुक्रवारी दुपारी लिफ्टपर्यंत येणारा भाजलेल्या खोबऱ्याचा वास कायमचा बंद झाला आहे. बिल्डिंगच्या वॉचमननं याची दखल घेतली. समाजानं थोडी उशिरा घेतली. आमचा दिगूभाऊ सुट्टीवर डोंबिवलीला गेला होता, तिथंच झोपेत गेला. त्याच्या बायकोचा, शुभावहिनींचा, फोन आला, "तुम्ही त्यांचे सगळ्यात जवळचे. इथून कोण येणार? फ्लॅट तुम्हीच आवरा." आता त्या माउलीला कोण सांगणार, की गेली दोन वर्षं मी त्या फ्लॅटची पायरी चढलो नव्हतो... लिफ्ट असली तरी पायरीच म्हणायची.

२००८ सरता सरता दुबईतल्या क्रेन जागच्या जागी थांबल्या आणि जानेवारीत माझ्या टेबलावर नोकरी गेल्याचं पाकीट आलं. दिगूभाऊ एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत एस्टिमेटर, त्याची नोकरी कशीबशी टिकली, पण पगार अर्धा झाला आणि वहिनी-मुलांना त्यानं घरी पाठवलं. रिकाम्या झालेल्या त्या घरात त्यानं शुक्रवारची पंगत सुरू केली. ज्याची नोकरी गेली त्यानं कुटुंबासकट यायचं, एवढीच अट. "नोकरी गेलेल्याला आधी पोटभर जेवण लागतं, सल्ला नंतर," असं त्याचं म्हणणं. पहिल्याच शुक्रवारी त्यानं डाव हातात धरून जाहीर केलं, "मंडळी, पातेली दोन. डावीकडे अंडं-बटाटा. उजवीकडे मोठ्याचं, म्हणजे बीफ. एवढ्या लोकांना मटण घालायची माझी ऐपत नाही आणि खोटं सांगून मी कोणाला जेवू घालणार नाही. यल्ला, ताटं घ्या!"

काय सांगू महाराजा! पहिल्या शुक्रवारी सगळे डावीकडे. दुसऱ्या शुक्रवारी दोघेतिघे "जरा रस्सा फक्त" म्हणत उजवीकडे सरकले. महिन्याभरात उजवं पातेलं तळापर्यंत खरवडलेलं आणि डाव्यात अंडी तरंगत असायची. नानासाहेबांचा धंदा तेव्हा बसला होता, तेही यायचे. त्यांना नळीच लागायची. ताटावर आपटून आतली मज्जा ओढली की डोळे मिटायचे, एखादा अभंग ऐकल्यासारखे.

आणि गंमत बघा, दिगूभाऊ स्वतः ते खायचा नाही. कधीच नाही. ते रांधायला तो कंपनीतल्या मल्याळी फोरमनकडून शिकला होता, पण चव घ्यायला मला हाक मारायचा, "मीठ बघ रे!" मीठ मांस शिजत आल्यावरच. कांदा-खोबरं काळपट होईपर्यंत भाजायचं, मांस आधी त्याच्याच पाण्यात मंद शिजू द्यायचं. रस्सा पातळ वाटला तर एक उकडलेला बटाटा कुस्करून घालायचा. बाकीचे बटाटे मात्र आधी तळून. "बटाटा भिडस्त असतो रे. तसाच टाकलास तर सगळ्यांचं ऐकत ऐकत विरघळून जातो. आधी चटका दे, मग समाजात टिकतो." उकडलेल्या अंड्याला चार चिरा, हळदीच्या तेलात फोड येईपर्यंत परतायचं, म्हणजे रस्सा आत शिरतो. मी एकदा विचारलं, "तू खात नाहीस, मग हे का करतोस?" म्हणाला, "माझ्या घशाखाली नाही जात. पण दुसऱ्याच्या भुकेनं माझ्या घशाला का विचारावं?"

मग दिवस पालटले. नानांचा बसलेला धंदा पुन्हा उभा राहिला, त्यांनी मला नोकरी दिली, आणि ते आमच्या गणेश मंडळाचे अध्यक्ष झाले. प्रसादाचा शिरा वर्षानुवर्षं दिगूभाऊचा. चतुर्थीआधीच्या मीटिंगमध्ये नाना म्हणाले, "दिगूभाऊ, तुमच्या घरात काय शिजतं ते सगळ्यांना माहीत आहे. प्रसादाच्या कढईला तो हात... लोकांच्या भावना असतात."

"कोणाच्या, नाना?"

"लोकांच्या."

खोलीत पंधरा माणसं होती. पंधराही माणसं शुक्रवारी डावीकडचं जेवणारी निघाली! दिगूभाऊनं माझ्याकडे पाहिलं, मीठ बघ रे म्हणताना पाहायचा अगदी तसं. तो ते तोंडात घालत नाही, हे ठामपणे सांगू शकणारा मी एकटाच. एक वाक्य होतं. पण ते बोललो असतो तर 'तुला कसं माहीत?' हा पुढचा प्रश्न होता आणि नाना माझे मालक होते. मी मोबाइलमध्ये डोकं घातलं. "खलास," तो म्हणाला, "तूप किती लागतं ते लिहून देतो." आणि खरंच लिहून दिलं. त्यानंतर दर शुक्रवारी तो एकटाच अंडं-बटाटा करायचा म्हणे. म्हणे... कारण मी गेलो नाही.

फ्लॅट आवरताना ती दोन पातेली मी घरी आणली. उजवं माझ्या बायकोनं माळ्यावर पालथं घातलं. डाव्यात परवा तीस माणसांचा चहा उकळला. शोकसभा आमच्याच हॉलमध्ये होती. त्या चहाचा घोट घेत नाना उभे राहिले. "खाण्यापिण्याच्या बाबतीत त्यांचं जरा... असो. गेलेल्या माणसाला आपण मोठ्या मनानं माफ करायचं असतं." तीस माना हलल्या. एकतिसावी माझी.

माझी मुलगी सई ते शुक्रवार सुरू झाले तेव्हा सात वर्षांची होती, आता अकरा. बिस्किटांची थाळी घेऊन ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिथूनच ती बोलली, खणखणीत आवाजात:

"बट नानाअंकल, दिगूकाका तर ओन्ली एग खायचे! राइट साइडचं तुम्ही खायचात. यू अँड बाबा!"