हाइनर गावलिकचं बोट

हाइनर गावलिकच्या बोटांना गेली बारा वर्षं काही कळत नव्हतं, आणि अख्ख्या हेर्ने गावात ही गोष्ट एकट्या हाइनरला ठाऊक होती. निदान त्याची तशी समजूत होती. तेवीस वर्षं खाणीत दाबाच्या हवेवर चालणारा हातोडा छातीशी धरून कोळसा फोडला, त्याची ही बक्षिशी. आधी थंडीत बोटं पांढरी पडायची. मग मुंग्या यायला लागल्या. पुढे मुंग्याही कंटाळून निघून गेल्या. डॉक्टरसमोर रडगाणं गाणारे सोबती पुष्कळ होते, पण हाइनर त्यातला नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. शर्टाची बटणं तो नजरेने लावायचा. शर्यतीची कबुतरं विकली तेव्हा 'आता गच्चीचे जिने चढवत नाहीत' असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे हातातल्या पाखराचं काळीज धडधडतंय की नाही, तेच त्याला कळेनासं झालं होतं.

बायकोपासूनही त्याने हे लपवलं. मार्लिसला मज्जातंतूंचा आजार होता. अठरा वर्षं झाली. घरात ती चाकांच्या चौकटीच्या आधाराने चालायची, पण पायांच्या मनात आलं की ते लाकडासारखे ताठ व्हायचे आणि मग झटके द्यायचे. हाइनर तिच्या पोटऱ्या चोळायचा. आपल्या हाताखाली स्नायू सैल झाला की नाही हे तो तिच्या चेहऱ्याकडे बघून ठरवायचा. ज्या घरात एकाला पायांचं दुखणं आहे तिथे दुसऱ्याने हातांचं काढू नये, असा त्याचा हिशेब. हिशेब चुकीचा होता, पण त्यामागे प्रेम होतं, हे मी आधीच सांगून टाकतो.

गोळ्यांनी मार्लिसला दिवसभर गुंगी यायची. गांजाचा चहा घेतला की पाय निवायचे. डॉक्टरने तसं लिहूनही दिलं, पण विमावाल्यांनी दोनदा नाही म्हटलं. मग कायदा आला की घरच्यापुरती माणशी तीन झाडं लावायला हरकत नाही, आणि हाइनरने बाल्कनीत तीन कुंड्या मांडल्या.

"एकाहत्तराव्या वर्षी गांजा लावतोयस?" मार्लिस पोट धरून हसली होती. "तुझी आई थडग्यातून उठून येईल."

"येऊ दे. तिचेही गुडघे दुखायचे."

पहिल्या वर्षी झाडं छातीएवढी झाली. ऑक्टोबरात कापणी झाली, फुलं सुकवून चार बरण्या भरल्या आणि तो हिवाळा मार्लिस झोपली. माणूस झोपतो यात सांगण्यासारखं काय, असं ज्याला वाटेल त्याने अठरा वर्षं जागून बघावं. वर्षात पीक एकच, ऑक्टोबरचं. ते गेलं तर पुढच्या ऑक्टोबरपर्यंत बरण्या रिकाम्या.

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये खालच्या मजल्यावरच्या एडेलट्राउट श्लोटमानबाई पांढरी चादर हातात धरून वर आल्या. नाकावर माशी बसू न देणारी बाई. चाळीस वर्षं दफनभूमीच्या फुलबागेत नोकरी केली, मेलेल्यांना शिस्त लावली, आता जिवंतांच्या मागे लागल्या होत्या.

"गावलिक, हे काय आहे?"

चादरीवर तपकिरी पाण्याचे पाच डाग होते. कुंडीच्या भोकांतून गळलेलं पाणी वाळत घातलेल्या कपड्यांवर पडलं होतं.

"तुमची झाडं तुमच्या घरात. माझ्या चादरीवर नकोत. वर कायदा बदलला असेल, खाली नाही बदलला."

आमच्या भागात वरच्याने खालच्याच्या कपड्यांवर पाणी सांडलं, तर तीन पिढ्या नमस्कार बंद होतात. हाइनर शरमला. "खाणकामगाराचा शब्द आहे, बाई. यापुढे एक थेंब पडणार नाही."

आणि शब्द पाळला. तळघरात त्याच्या आईच्या वेळची जस्ताची तीन घमेली होती, भक्कम, एक छिद्र नसलेली. प्रत्येक कुंडी एकेका घमेल्यात बसवली. मधली फट वाईट दिसते म्हणून त्यावर शेवाळ आणि झाडाच्या सालीचे तुकडे अंथरले. बाल्कनी मोठी देखणी दिसू लागली. खाली थेंब पडला नाही. पाणी जात कुठे होतं, हे कुणी विचारलं नाही.

ऑगस्ट तापला. एक दिवस मधल्या झाडाची पानं खाली लोंबली. हाइनरने मातीत बोट खुपसलं.

"सुकी?" मार्लिसने स्वयंपाकघरातून विचारलं.

"सुकी."

त्याने झारीभर पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी पानं आणखी लोंबली, टोकं पक्ष्याच्या नख्यांसारखी आत वळली. पुन्हा बोट, पुन्हा "सुकी?", पुन्हा "सुकी," पुन्हा झारी. वरून ऊन लागून मातीचा पापुद्रा पांढरा पडलेला, आणि आत खुपसलेल्या बोटाला चिखल आणि भुसा यातला फरक कळत नव्हता. पण बोट खुपसायचं कसं सोडणार? ते नवऱ्याचं, घरधन्याचं, जाणत्याचं बोट होतं, आणि मार्लिस बघत होती. बोट विजारीला पुसून तो तिच्यासाठी कॉफी ओतायला जायचा.

आठवडा गेला. खालची पानं पिवळी पडून गळू लागली. हाइनरने उन्हाला दोष दिला आणि बाल्कनीत छत्री बांधली. मग वाऱ्याला दोष दिला आणि कठड्याला कापड लावलं. दिवसातून एकदा घालायचं ते पाणी दोनदा घालू लागला. आजार म्हशीला नि इंजेक्शन पखालीला, असा सगळा कारभार. मधलं झाड मान टाकून राहिलं. डाव्या झाडाची कळी येता येता तपकिरी झाली. जेवताना हाइनर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचा आणि मार्लिस त्याच्याकडे बघायची. दुपारी तिच्या पायांना झटके यायचे तेव्हा ती आता आवाजही करत नसे, आणि तेच त्याला सहन होत नव्हतं.

मागच्या वर्षीच्या बरणीच्या तळाशी बोटभर उरलं होतं.

मग शनिवारी दुपारी, कॉफीच्या वेळी, दारावरची घंटा वाजली. श्लोटमानबाई. हातात बशी आणि बशीत आलुबुखाराच्या केकचा तुकडा.

"हा बघा. मोजा."

केकवर बारीक काळी चिलटं चिकटली होती.

"तुमच्याकडून येतात ही. मी चार दिवस बघतेय. आणि वासही येतोय, नासक्या अंड्यांसारखा. काय पुरलंय वर?"

"बाई, एक थेंब तरी पडला का खाली?" हाइनरचा आवाज चढला.

"नाही. म्हणूनच वर आले." बशी मार्लिसच्या पुढ्यात ठेवून त्या थेट बाल्कनीत शिरल्या. झाडांसमोर क्षणभर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग लोंबलेलं एक पान दोन बोटांत धरलं.

"पाणी कधी घातलंत?"

"सकाळी. आणि काल दोनदा. तहानलीयत, दिसत नाही का?"

"तहानलेलं पान कागदासारखं पातळ लागतं. हे बघा, कसं जाडजूड आहे, फुगलेलं. आणि तहानलेल्या झाडाला पाणी दिलं की तासाभरात मान वर करतं. यांनी केली?"

हाइनरने वाकून गळालेलं एक पिवळं पान उचललं.

"कुंडी उचला."

"कशाला?"

"उचला म्हणते ना. माझी कंबर गेलीय, नाहीतर तुम्हाला सांगितलं नसतं."

हाइनरने साल आणि शेवाळ बाजूला केलं, कुंडीच्या कडेला हात घातले आणि उचलली. बोटांना कळलं नाही, पण खांद्यांना कळलं. ते खांदे खाणीतले होते, वजनाच्या बाबतीत खोटं बोलत नव्हते. कुंडी ओल्या कोळशाच्या डब्याइतकी जड होती. ती वर येताना खालून चप्प असा आवाज झाला आणि घमेल्यात काळं पाणी हिंदकळलं, जवळजवळ वीतभर. वासाने आत टेबलाशी बसलेल्या मार्लिसने नाक धरलं.

बाईंनी भोकातून बाहेर आलेलं मूळ नखाने खरवडलं. साल सुटून हातात आली. "पांढरं असायला हवं होतं. कुजलंय. गावलिक, तुम्ही यांना बुडवलंत. मुळांनाही श्वास लागतो." मग घमेल्याकडे बघून त्या थांबल्या. "ही घमेली कधी आणलीत?"

"जूनमध्ये."

"माझ्या चादरीसाठी?"

"शब्द दिला होता."

श्लोटमानबाईंचा चेहरा उतरला. चाळीस वर्षांत तो उतरल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. "पण माणसाने बोट घालून बघायचं ना! दोन पेरं आत घातलं की शेंबड्या पोराला कळतं. रोज पाणी घालत होता म्हणता, मग कळलं कसं नाही?"

हाइनर कुंडी हातात धरून तसाच उभा. खाली ठेवावी की नाही, हेही त्याला सुचेना. मधमाश्या चावाव्यात तसा चेहरा लाल झाला. आणि मग तो म्हणाला, अगदी हळू, "माझ्या बोटांना काही कळत नाही."

"मला माहीत आहे," मार्लिस म्हणाली.

त्याने वळून पाहिलं.

"माझ्या ब्लाउजची बटणं लावताना तू डोळे बारीक करतोस, हाइनर. आणि मागच्या शुक्रवारपासून माझ्या कपाच्या कानावर काळ्या चिखलाचा ठसा असतो. सुकी माती बोटाला चिकटत नाही."

"मागच्या शुक्रवारपासून?" त्याचा आवाज फाटला. "आणि तू बोलली नाहीस? झाडं मरताना बघत बसलीस?"

"तू बारा वर्षं लपवलंस. मी काय म्हणून उघडं पाडायचं?" मार्लिसचे डोळे भरले. "मला वाटलं, कळेल तुला. आज कळेल, उद्या कळेल. रोज 'सुकी?' विचारत होते ना. एक दिवस तरी म्हणशील, मार्लिस, तू बघ."

हाइनरला राग आला होता, तिचा आणि स्वतःचा, आणि दोन्हींत स्वतःचा मोठा होता. एकमेकांना जपता जपता दोघांनी मिळून एक अख्खा हिवाळा बुडवला होता. याला काय म्हणावं मला कळत नाही. शहाण्यांच्या घरी असंच होतं.

श्लोटमानबाईंनी घसा साफ केला. "रडणं नंतर. घमेली आधी रिकामी करा. मोरीत ओता, माझ्याकडे नको. कुंड्या विटांवर ठेवा, खालून वारा लागू दे. कुजलेली पानं काढा. आणि पाणी नाही. मी सांगेपर्यंत एक थेंब नाही."

"आणि नंतर पाणी गळेल त्याचं काय? तुमच्या चादरी—"

"चादरी मी आत वाळत घालीन," त्या म्हणाल्या आणि केकची बशी न घेताच खाली गेल्या.

मधलं झाड मंगळवारी मेलं. डावं आठवडाभर धुगधुगी धरून राहिलं आणि मग त्यानेही सोडलं. हाइनरने दोन्ही उपटून मुळं पाहिली. तपकिरी, बुळबुळीत, धागे सुटलेले. मार्लिसने बघायला मागितली, तेव्हा तिलाही दाखवली. उजवं झाड भिंतीच्या सावलीत होतं, त्यामुळे त्याला पाणी जरा कमी मिळालं होतं. त्याने दहाव्या दिवशी वरची चार पानं उचलली. चारच. एका झाडाची एक बरणी. नेटाने वापरली तर नाताळपर्यंत पुरेल. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च कसे काढायचे, यावर दोघं अजून बोललेली नाहीत.

आता रोज सकाळी हाइनर मार्लिसला आधार देत बाल्कनीत आणतो आणि खुर्चीवर बसवतो. आधी तो कुंडी दोन्ही हातांनी उचलून वजन बघतो. मग ती कुंडी तिच्या मांडीजवळ धरतो आणि मार्लिस वाकून मातीत बोट घालते, दोन पेरं, आणि डोळे मिटून थोडा वेळ तसंच ठेवते.

"सुकी?" हाइनर विचारतो.

"थांब ना जरा."

तो थांबतो. कुंडी जड असते, खांदे भरून येतात, पण तो हलत नाही. काल तिने बोट बाहेर काढलं, त्याचा हात ओढून आपल्या ताठ झालेल्या पोटरीवर ठेवला आणि म्हणाली, "ही अजून सैल झालेली नाही. चोळ. झाली की मी सांगते."