पळसाच्या पुतळ्याचा उजवा हात

ईशा, निनाद — तुमची आजी पूजेतही घड्याळ बघणारी. भुताखेतांच्या गोष्टींना मी आयुष्यभर 'नॉनसेन्स' म्हणत आले. तरी हे लिहून ठेवते…

माझा थोरला भाऊ, दादा, महायुद्धात आफ्रिकेच्या वाळवंटात रणगाडे दुरुस्त करणारा मेकॅनिक होता. बदलापूरच्या शिरगावातल्या घरी त्याच्याबद्दल सरकारी पत्र आलं तेव्हा घरात इंग्रजी येणारी मी एकटीच. वय तेरा. लिहिलं होतं — बेपत्ता, बहुधा ठार. आईचा चेहरा बघून मी फक्त 'बेपत्ता' एवढंच सांगितलं.

त्या एका शब्दावर घर बारा वर्षं जगलं. वहिनी रोज कुंकू लावत राहिली.

चोपन्न साली गुरुजी म्हणाले, "बारा वर्षं झाली. आता पुतळा करून अग्नी द्यायला हवा." सकाळी ओसरीवर पळसाच्या पानांचं माणूस बांधलं, डोक्याच्या जागी नारळ. वहिनी उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"गुरुजी, उजवा हात काढा."

"अहो, अंगं पुरी लागतात."

"त्यांचा तिकडेच राहिला."

बाबांनी काही न विचारता तो हात सोडवला. पुरुषमंडळी पुतळा घेऊन उल्हास नदीवर गेली. मी वहिनीला मागच्या दारी गाठलं आणि पत्राचं सगळं कबूल केलं.

"ठाऊक आहे, वन्सं," ती म्हणाली. "पत्र आलं त्या दुपारी ते इथेच उभे होते. पाणी मागितलं. तांब्या डाव्या हातात घेतला… उजवी बाही रिकामी."

"मग बारा वर्षं हे कुंकू?"

"सासूबाईंना आशा तुम्ही दिलीत. मी कशी काढून घेऊ? आणि तुम्ही एवढ्याशा… खोट्या पडला असतात."

दोन वर्षांनी दादाचा पलटणीतला जोडीदार अंबरनाथच्या एका कारखान्यात लागला आणि आम्हाला शोधत आला. पेटलेल्या रणगाड्यातून एकाला ओढून काढताना दादाचा उजवा हात गेला होता.

"वहिनी, शेवटपर्यंत पाणी मागत होता हो. आमच्याकडे थेंब नव्हता. अजून मला घास उतरत नाही."

वहिनीचं कपाळ तेव्हा मोकळं होतं. "मिळालं त्यांना, भाऊजी," ती म्हणाली. "तुम्ही प्या." आणि तांब्या त्याच्यापुढे ठेवला.

मनाचे खेळ म्हणावं, तर हाताचं तिला कोण सांगणार? ते पत्र माझ्याकडे आहे. कितीदा तरी वाचलं. त्यात हाताचा उल्लेखच नाही.

त्या दुपारी मी पुढच्या खोलीत होते. चार पावलांवर. मला दादा दिसला नाही.